ट्रॅक्टरचा डेक, पुढचा बंपर आणि मागचा अंधार



सोयाबीन निघालं, मका निघाली, हातात चार पैसे आले (आले तेवढे आले, भावाचं आज बोलायचं नाही), की आमच्या जालन्याच्या भागात ट्रॅक्टरला दोन गोष्टी बसतात. एक डेक अन् दुसरा बंपर. हूडच्या आतून चार स्पीकर, सीटच्या मागं वूफरचा डबा, पुढं जाड पाइपाचा बंपर, बंपरवर पोराचं नाव अन् नावाच्या वर एलईडीची पट्टी. नांगरट चालू असली की दोन शिवार पलीकडून कळतं की कोणाचं हेड चालू आहे.

या पानावर आपण माती, पाणी, खत, कीड याचं लिहितो. डेक-बंपरचं कशाला, असं काही जण म्हणतील. पण माझं म्हणणं असं की ज्या यंत्रावर घरातला माणूस हंगामात बारा-चौदा तास बसतो, त्या यंत्रावर काय लावलं हा शेतीचाच विषय आहे. बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षर आपण वाचतो, मग ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचं का वाचत नाही?

आधीच सांगतो, पोरांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. बैलाच्या काळात सुद्धा आपण सजावट करतच होतो. शिंगाला हिंगूळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. आता बऱ्याच गावांत पोळ्याला ट्रॅक्टरही धुऊन, हार घालून उभा करतात, त्यात वाईट काही नाही. रात्री दोन वाजता एकटाच पोरगा रोटाव्हेटर मारू लागला तर त्याला गाणं पाहिजे हे मला कळतं. फक्त घुंगरमाळेचं एक होतं. तिचा आवाज पुढच्याला सांगायचा की गाडी येऊ लागली, बाजूला व्हा. बैल हाकणाऱ्याला मागून कोणी हाक मारली तर ती त्या आवाजात बुडत नव्हती. डेकचं याच्या उलट आहे.

आता मुद्द्यावर येतो. आधी विजेचं, कारण पहिली फसगत तिथंच होते.

खोक्यावर लिहिलेलं असतं ५००० वॅट. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. वॅटला व्होल्टानं भागलं की अँपिअर येतात, हे दहावीच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी केलेलं आहे. ५००० भागिले १२, म्हणजे ४१६ अँपिअर. तुमच्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरवरची पट्टी पुसून वाचा, बऱ्याच ट्रॅक्टरवर ३५-४० अँपिअरच्या आसपासचा आकडा सापडेल. त्यातले दहा अँपिअर पुढचे दोन हेडलाईटच खातात. मग मागचा शेतीदिवा, एलईडी, हॉर्न. गाण्याला उरले वीस-बावीस अँपिअर, म्हणजे अडीचशे वॅट. खोक्यावरचे ५००० कुठून आले? ते क्षणभराच्या उसळीचे, कागदावरचे वॅट असतात. खरं काम सांगणारा आकडा आरएमएसचा. तो बारीक अक्षरात खाली असतो, नाहीतर नसतोच. नसला तर ते खोकं परत ठेवा. पन्नास-पन्नास आरएमएसचे दोन अंडाकृती स्पीकर एका चालकाला पुरून उरतात. बाकीचा आवाज शेजाऱ्यासाठी असतो, आणि शेजाऱ्यानं तो मागितलेला नसतो.

दुसरं, वायर. आमच्याकडं डेक बसवणारे बरेच जण बॅटरीच्या प्लसवरून सरळ वायर ओढतात आणि फ्यूज असलाच तर डेकजवळ टाकतात. हे उलटं आहे. वायर बोनटखालून जाते, सायलेन्सरजवळून जाते, डिझेलच्या पाइपाला घासते. ट्रॅक्टरची थरथर काही कमी नसते. दोन हंगामांत वरचं प्लास्टिक घासून तांबं उघडं पडतं आणि पत्र्याला टेकतं. त्या वेळेला फ्यूज जर वायरच्या पार शेवटाला असेल तर मधल्या शॉर्टला तो काय अडवणार? फ्यूज बॅटरीपासून एक वितीच्या आत पाहिजे. ३० अँपिअरच्या फ्यूजला किमान ६ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर धरा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर पण तांबं म्हणूनच विकतात. ब्लेडनं एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली की समजा. पत्र्यातून जिथं जिथं वायर जाते तिथं रबरी गुल्ली, आणि वरून नळी. मळणीच्या दिवसांत बोनटवर भुसा साचलेला असतो हे लक्षात ठेवा. ठिणगीला आणखी काही लागत नाही, आणि शेजारीच गंजी असते.

तिसरं, चार ओहमचे चार स्पीकर पोरं सरळ एकाला एक जोडून टाकतात. तसं जोडलं की ॲम्प्लिफायरला तो भार एक ओहमचा दिसतो आणि तो तापून जळतो. दोन-दोन ओळीनं जोडून मग त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी जोडल्या की भार परत चार ओहमचा होतो. आणि इंजिन बंद करून बांधावर डेक वाजवायचा असेल तर हिशोब करा. ७५ अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये. डेक वीस अँपिअर ओढत असला तर दोन तास सुद्धा होत नाहीत. सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो आणि पाण्याची पाळी निघून जाते.

इथपर्यंतचं सगळं पैशाचं नुकसान झालं. ते भरून निघतं. पुढचं निघत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेनं सांगितलेली मर्यादा अशी, की ८५ डेसिबल आवाजात माणसानं दिवसाला आठ तास राहावं, त्याहून जास्त नाही. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धाच तास. आता केबिन नसलेला आपला साधा ट्रॅक्टर लोडवर चालतो तेव्हा चालकाच्या कानापाशी नुसता इंजिनाचाच आवाज ९० च्या आसपास असतो, कधी त्याच्याही वर. म्हणजे गाणं लावायच्या आधीच मर्यादा दोन-अडीच तासांत संपलेली आहे. आणि गाणं ऐकू यायचं तर ते इंजिनाच्या वर वाजवावं लागणार. ९५ ला न्या, ९८ ला न्या. चौदा तास.

माझा डावा कान अधू आहे. आमच्या वेळी डेक नव्हता, नुसतं इंजिन होतं, तरी ही गत. जालन्यात कानाच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ सरळ चालते आणि ४००० च्या आकड्यापाशी खड्ड्यात पडते. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाची खूण हीच, असं ते म्हणाले. डावाच का, याचं कारण तुम्हाला ट्रॅक्टरवर बसल्यावरच कळेल. औजाराकडं बघायला आपण बहुतेक वेळा उजव्या खांद्यावरून मागं वळतो. उजवा कान मागं जातो आणि डावा इंजिनाकडं, सायलेन्सरकडं होतो. तासन् तास तसाच. शेतकऱ्यांचे कान तपासले तेव्हा परदेशात सुद्धा डावा जास्त गेलेला सापडलेला आहे.

कान असा जात नाही की एक दिवस सगळं बंद झालं. आधी बारीक, उंच आवाज जातात. पाखरांचे जातात, स, श, फ ही अक्षरं जातात. गडीमाणसाचं बोलणं ऐकू येतं, बाईमाणसाचं अर्धं येतं, लेकराचं येतच नाही. नात शेजारी बसून काहीतरी सांगते आणि मी नुसती मान हलवतो. तिला आता कळायला लागलंय की आजोबा उगंच मान हलवतात. कानाच्या आत ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कपाशीला फूट येते तशी त्यांना येत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की स्पीकर वाढवायच्या आधी ट्रॅक्टरचा आवाज कमी करा. सायलेन्सरला भोक पडलंय का, मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलंय का, मडगार्डचे बोल्ट ढिले आहेत का, बोनटचा पत्रा वाजतो का, हे बघा. यातलं बरंच काम पाना-रबरानं होतं. काही पोरं उलट सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकतात, फटफट आवाज यावा म्हणून. त्यांना काय म्हणावं मला सुचत नाही. आणि कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात चहाच्या पैशात मिळतात. ते घातल्यावर इंजिन ऐकू येत नाही हा गैरसमज आहे. आवाज नुसता कमी होतो, बंद होत नाही, बेअरिंगची किरकिर तरी कळते.

बेअरिंगचं निघालं म्हणून सांगतो. जुन्या चालकाला रोटाव्हेटरची चेन ढिली झाली ते कानानं कळतं. पाती दगडावर आपटली ते कळतं. गिअरबॉक्सचं ऑइल कमी झालं की आवाज कोरडा होतो. नांगर जास्त खोल गेला की इंजिनाचा गळा बसतो, तो कानाला आधी कळतो, मीटरच्या काट्याला नंतर. आमचा मोठा म्हणतो, "नाना, आता सगळं डिस्प्लेवर येतंय." येत असेल. पण चेन तुटायच्या आधी काय आवाज करते ते कुठल्या डिस्प्लेवर येतं ते मला त्यानं अजून दाखवलेलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टची जाडी पाच सेंटीमीटर धरली तर एका सेकंदात दीड मीटरच्या जवळपास कपडा तो स्वतःभोवती गुंडाळतो. पदर, ओढणी, उपरणं, काही असो. मागं उभ्या असलेल्या माणसाला वाचवायला चालकाकडं एक सेकंद असतो, आणि त्या एका सेकंदात त्याला हाक ऐकू आली पाहिजे.

दोन वर्षांमागं आमच्या शेजारच्या शिवारात मक्याची मळणी चालू होती. ट्रॅक्टर थ्रेशरला जोडलेला, शाफ्टवरचा प्लास्टिकचा पाइप कधीच तुटून गेलेला, डेक चालू. कणसं टाकणाऱ्या एका बाईची ओढणी गेली. बाया ओरडल्या, पोत्याला लावलेला गडी ओरडला. चालक सीटवर पाठमोरा मोबाईल बघत बसलेला होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्यानं पळत येऊन स्टॉपची तार ओढली. बाई वाचली. तिच्या उजव्या हाताचं जे झालं ते इथं लिहीत नाही. पुढच्या हंगामात ती कामाला आली नाही आणि आता येणारही नाही. नंतर गावात चर्चा शाफ्टच्या कव्हरची झाली, ओढणी नीट खोचायला पाहिजे होती अशीही झाली. डेकचं कोणी बोललं नाही. तिथं चार हाका वाया गेल्या होत्या, आणि त्या कव्हर नसल्यामुळं वाया गेल्या नव्हत्या.

त्या मळणीनंतर आमच्या घरी बराच वाद झाला. मोठ्याला डेक काढायचा नव्हता. मी म्हणलं, काढू नको, पण पीटीओ लागला की डेक बंद पडला पाहिजे, आपोआप. तुझ्या मनावर नाही. त्यानंच मग डोकं लावलं आणि स्वतःच्या हातानं बसवलं. तुम्हाला करायचं असेल तर सांगतो, सोपं आहे.

मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकला स्प्रिंगचं एक छोटं स्विच असतं. ब्रेक दाबला की ते ओढलं जातं आणि मागचा दिवा लागतो. तेच स्विच पीटीओच्या लिव्हरजवळ पट्टी ठोकून बसवायचं, लिव्हर लागला की ओढलं जाईल असं. मग पाच पायांचा १२ व्होल्टचा रिले घ्यायचा. त्याच्या पायांवर आकडे असतात. फ्यूजमधून आलेली डेकची प्लस वायर ३० वर, आणि डेककडं जाणारी वायर ८७ए वर. स्विचमधून येणारी वायर ८६ वर, ८५ अर्थला. लिव्हर मोकळा असला की ३० आणि ८७ए जोडलेले राहतात, गाणं चालू. लिव्हर लावला की रिले टक् करतो, जोड तुटतो, गाणं बंद. वूफरचा ॲम्प्लिफायर वेगळ्या वायरवर असेल तर त्याची रिमोटची बारीक वायर डेकवरूनच येऊ द्या, म्हणजे तोही सोबत झोपतो.

हे बसवल्यावर मोठा म्हणाला, "म्हणजे रोटाव्हेटरला दिवसभर गाणंच नाही?" नाही. नांगरटीला वाजव, रस्त्यानं जाताना हळू वाजव, मोगडा-पाळीला वाजव. रोटाव्हेटर, थ्रेशर, फवारणीचा ब्लोअर, जिथं मागं काहीतरी फिरतंय तिथं कान मोकळे. तो अजून नाराज आहे. मागच्या महिन्यात रिलेला बायपास करून त्यानं एक दिवस गाणी ऐकली, ते मला त्याच्या बायकोनं सांगितलं. घरात असं चालतंच. कानात ब्लूटूथची बोंडं घालणाऱ्यांना हेच सगळं लागू आहे, उलट जास्तच, कारण त्यांचं गाणं दुसऱ्याला ऐकूच येत नाही म्हणून कोणी बोलत पण नाही.

आता बंपर. जालना म्हणजे सळईचं गाव. चॅनल, अँगल, पाइप, काय पाहिजे ते इथं मिळतं आणि फॅब्रिकेशनवाला किलोवर घेतो. जितका बंपर जड तितका त्याचा फायदा. म्हणून त्याला विचारलं तर तो जाडच सांगणार.

७५ मिलीमीटरचं चॅनल मीटरला साधारण ७ किलो भरतं. चार-साडेचार मीटर चॅनल, वर पाइप, प्लेटा, बोल्ट, एलईडीची चौकट, सगळं मिळून साठ किलो सहज होतं. हे वजन पुढच्या चाकाच्या पुढं सत्तर सेंटीमीटरवर लटकलं आणि दोन चाकांतलं अंतर दोन मीटर असलं, तर पुढच्या धुऱ्यावर साठ नाही, ८१ किलो वाढतात आणि मागच्या चाकावरचे २१ किलो कमी होतात. काट्यावर दांडी धरल्यासारखं आहे. हे चांगलं की वाईट, हे मागं काय जोडलंय त्यावर ठरतं.

सहा फुटी रोटाव्हेटर चारशे-पाचशे किलोचं असतं. ते उचललं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग लागत नाही. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे असं धरतात. तिथं पुढचं वजन कामाचं आहे, कंपन्या पुढं लावायची वजनं देतात ती त्याच्यासाठीच. पण पेरणीयंत्र हलकं असतं, आणि आपली काळी जमीन ओलीला मऊ असते. तिथं हेच ८१ किलो पुढच्या बारीक टायरला खाली दाबतात, चाकोरी खोल पडते आणि चाकोरीतलं हरभऱ्याचं दाणं कुठं वर तर कुठं खोल जातं. उगवण झाल्यावर दोन ओळी कायम मागं राहिलेल्या दिसतात. बियाण्याला दोष देण्याआधी त्या ओळी चाकाच्या आहेत का ते मोजून बघा. किंगपिनचं बुश लवकर जातं ते वेगळंच.

म्हणून बंपर करायचाच असेल तर हलका करा, आणि त्यावर वजन काढता-घालता येईल अशी खुंटी ठेवा. रोटाव्हेटरला घाला, पेरणीला काढा. कायमचं वजन वेल्ड करून टाकणं म्हणजे बाराही महिने एकच जू वापरण्यासारखं आहे.

बसवताना एक गोष्ट कटाक्षानं टाळा. पुढच्या धुऱ्याचा जो सांगाडा असतो तो बिडाचा, ओतीव असतो. त्याला साध्या रॉडनं वेल्डिंग केलं की जोडाच्या शेजारी बीड तडकतं. लगेच नाही, दोन-चार महिन्यांनी, उसाची ट्रॉली ओढताना. कंपनीनं वजनं लावायला भोकं दिलेली असतात, तिथंच बोल्टनं आवळा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असलं तरच घ्या. कोऱ्या डोक्याचा बोल्ट तिथं चालत नाही. बंपरचं कोणतंही वेल्डिंग ट्रॅक्टरवर करायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची मायनस काढा, अल्टरनेटरची वायर सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थ जोडापासून वितीवर लावा. लांब लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना नवे धुराचे नियम लागू झाले, त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आलेले आहेत. तिथं ही चूक परवडत नाही.

बंपरला जाळी लावली तर रेडिएटरपासून वीतभर अंतर सोडा आणि जाळी पिनवर उघडणारी ठेवा. मळणीत ती दर दोन तासाला झाडावी लागते. काही जणांनी नावाची एवढी मोठी पाटी लावलेली असते की वारा जायला जागाच नाही. मग म्हणतात, नवीन ट्रॅक्टर तापतोय. फसलेलं वाहन ओढायचा हूक पाइपात अडकवू नका, तो मुख्य सांगाड्याच्या पिनलाच पाहिजे. पाइप उपटून आला तर साखळीसोबत सुटतो आणि बघणाऱ्यांच्यात जाऊन पडतो.

हे ट्रॅक्टरचं. बोलेरो, स्कॉर्पिओ, थारला जे गार्ड लावतात त्याचं मी एका शब्दात सांगतो, लावू नका. (आमच्या गावात थार एकच आहे, पण गार्डची हौस पन्नास जणांना आहे.) कंपनीचा बंपर चेपण्यासाठीच बनवलेला असतो. तो चेपतो म्हणून धक्का माणसापर्यंत कमी येतो. लोखंडी गार्ड सरळ चासीला जोडलेलं असतं, ते धक्का तसाच आत पोचवतं, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकवतं. समोर चालणारा माणूस किंवा लेकरू आलं तर त्याला पत्रा नाही, पाइप लागतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे की असे क्रॅश गार्ड, बुल बार हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं मालकावरच जबाबदारी टाकली. परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ट्रॅक्टर शेतात आहे तोवर कोणी विचारत नाही, पण रस्त्यावर आला की तोही मोटार वाहनच आहे. अपघात झाला की विमा कंपनीला बोट दाखवायला पुढचा बंपर समोरच असतो.

आवाजाचंही तेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. दवाखाना, शाळा यांच्या भोवतीचे १०० मीटर शांततेचे. पंजाबात हे सगळं आपल्या पुढं गेलं, ट्रॅक्टर चाकावर उभे करून दाखवायचे खेळ निघाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात असाच खेळ करताना एक तरुण स्वतःच्या ट्रॅक्टरखाली गेला, मग तिथल्या सरकारनं ते खेळ बंद केले. आपल्याकडं अजून गाडी डेक-बंपरपर्यंतच आहे.

माझी खरी तक्रार मात्र दुसरीच आहे. हौसेचा सगळा पैसा ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला आणि हूडखाली जातो. मागच्या बाजूला कोणी वळून बघत नाही. आता अंबड, घनसावंगीच्या रस्त्यांनी अंकुशनगरकडं उसाच्या ट्रॉल्या चालू होतील. पुढं हेडवर एलईडी इतकी की समोरच्याचे डोळे दिपतात, आणि मागं ट्रॉलीला एक दिवा नाही. पाचट खाली लोंबतं, त्यात रिफ्लेक्टर असला तरी झाकून जातो. रात्री मोटारसायकलवर येणाऱ्याला ती ट्रॉली दिसत नाही, अंधारच दिसतो, आणि तो त्या अंधारात शिरतो. तुमच्या ओळखीत असं गेलेलं एक तरी घर असेल. आमच्या ओळखीत दोन आहेत.

मागं लाल रिफ्लेक्टर पाहिजेत हे नियमात आहेच. पण नियमाचं सोडा, खर्चाचं बोलू. एका वूफरच्या पैशात ट्रॉलीच्या मागं दोन टेललॅम्प, सात पिनचा सॉकेट, वायर, आणि चारी बाजूंनी चमकणारी पट्टी होते. पट्टी मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. पट्टी लावायच्या आधी पत्रा डिझेलनं पुसू नका, तेलकट राहतो आणि पट्टी आठवड्यात सुटते. साबणाच्या पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा आणि मग चिकटवा. ऊस भरल्यावर लोंबणारं पाचट कोयत्यानं कापून दिवे उघडे करा. ट्रॉली बिघडून रस्त्यात उभी राहिली तर दगड मागं ठेवायची आपल्याकडं पद्धत आहे. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतो आणि पुढचा माणूस त्यावर पडतो. त्रिकोणी पाटी घ्या, ती घडी होऊन सीटखाली मावते.

आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना पट्टी आणि दिवे लावून झाले. वायरिंग मोठ्यानंच केलं, डेक बसवणाऱ्या पोराच्या हातात ती सफाई असतेच, फक्त काम मागच्या बाजूला न्यायचं असतं. रिलेच्या जोडणीचा त्यानं हातानं काढलेला कागद माझ्याकडं आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी आपला ट्रॅक्टर कोणता आणि पीटीओचा लिव्हर सीटच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, एवढं लिहून कळवा. स्विचची पट्टी कुठं वाकवायची ते त्यावर ठरतं.